मुलांचे जुलाब: आधी मूल बघा, मग शी मोजा

बाळाला जुलाब लागले की मुंबईतल्या बहुतेक घरांत गोष्टी ठरलेल्या क्रमाने घडतात. पहिला दिवस ‘दात येत असतील’ म्हणण्यात जातो. मग कुणीतरी दूध बंद करायला सांगतं. संध्याकाळी खालच्या केमिस्टकडून ‘लूज मोशनचं काहीतरी’ येतं. रात्री ओआरएसची (पाण्यात विरघळवायच्या क्षार-साखरेच्या पावडरीची) आठवण होते, तेही पेल्यात अंदाजाने चिमूटभर. दुसऱ्या दिवशी मूल मलूल पडलं की रिक्षासाठी धावपळ.

हा क्रम उलटा आहे. शी पातळ झाल्याने मुलाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते शीबरोबर गेलेलं पाणी आणि क्षार भरून न निघाल्याने. त्यामुळे ‘थांबवायचं कसं’ हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं, मूल किती सुकलंय.

खालच्या पायऱ्या २ महिने ते ५ वर्षं या वयाच्या मुलांसाठी आहेत. बाळ २ महिन्यांपेक्षा लहान असेल तर घरी तपासत बसू नका. अंगावर पाजत पाजत त्याला डॉक्टरकडे न्या. मूल आधीपासूनच खूप हडकुळं, कुपोषित असेल तरीही तेच करा, कारण अशा मुलांमध्ये पुढच्या खुणा फसव्या ठरतात.

तयारी: जुलाब लागण्याआधी घरात काय असावं

रात्री अडीच वाजता शोधाशोध नको म्हणून हे आजच करून ठेवा.

ओआरएसच्या पावडरीची चार-पाच पाकिटं हवीत, मुदत न संपलेली. पाकिटावर एका लिटरमागे हे घटक दिसले पाहिजेत: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि डेक्स्ट्रोज १३.५ ग्रॅम. बाजारात दोन आकार मिळतात. मोठं पाकीट एका लिटरसाठी, छोटं २०० मिलीसाठी. घरात शक्यतो एकाच आकाराची ठेवा. दोन्ही असली की घाईत मोठं पाकीट छोट्या पेल्यात पडतं आणि ती चूक महागात जाते.

दुकानात गोड, फळांच्या स्वादाचे डबे ओआरएसशेजारीच मांडलेले असत आणि नावातही ओआरएस असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ठरलेला फॉर्म्युला नसलेल्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरी केमिस्ट ‘हेच द्या, मुलं आवडीने पितात’ म्हणत काही पुढे करेल तेव्हा मागची बाजू वाचा. जुलाबात जास्त साखर पोटात गेली तर ती आतड्यात पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढतात.

झिंकच्या २० मिलिग्रॅमच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्याही आणून ठेवा. ओआरएस आणि झिंक दोन्ही पालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. वस्तीत फिरणाऱ्या आरोग्य सेविकेला किंवा अंगणवाडीच्या ताईंनाही विचारा.

माप हवंच. घरातला स्टीलचा पेला कधी १८० मिलीचा असतो, कधी ३०० चा, नुसतं बघून कळत नाही. विकतच्या पाण्याची एक लिटरची बाटली हे सोपं माप. तीही नसेल तर सकाळी दूध पातेल्यात ओतता तेव्हा बघून ठेवा: अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या कुठपर्यंत येतात, तिथे बाहेरून नेलपॉलिशची रेघ मारा. हे पातेलं कायमचं ओआरएसचं. छोट्या मापासाठी सिरपच्या बाटलीचं झाकण धुऊन ठेवा. त्यावर ५ मिलीची खूण असते.

भिंतीवरच्या कालनिर्णयला पेन बांधून ठेवलं तर आणखी चांगलं. कशासाठी, ते पुढे येईल.

१. मूल बघा (शी नव्हे)

दिव्याखाली, मुलाचे कपडे काढून, चार गोष्टी बघा. पाच मिनिटं लागतात.

*शुद्ध आणि मूड.* मूल नेहमीसारखं आहे, किरकिर करतंय, की ढिलं पडलंय? सततची किरकिर, कशानेच शांत न होणं ही पहिली पायरी. गळून जाणं, हाक मारल्यावर डोळे न उघडणं ही धोक्याची. इथे एक घोटाळा हमखास होतो. दिवसभर रडलेलं मूल संध्याकाळी गप्प झालं की घरातले म्हणतात, ‘दमलंय, झोपू दे.’ झोपू द्या, पण आधी एकदा उठवून बघा. तळपायाला गुदगुल्या करा, छातीशी धरा, ओठाला चमचा लावा. झोपलेलं मूल चिडून तोंड फिरवतं किंवा प्यायला लागतं. सुकलेलं मूल यातलं काहीच करत नाही.

*डोळे.* खोल गेलेत का? काही मुलांचे डोळे मुळातच खोल असतात. म्हणून फोनमधला गेल्या आठवड्याचा फोटो शेजारी धरून बघा. आजीला विचारलंत तर ती फोटोशिवायही सांगेल.

*तहान.* वाटी-चमच्याने पाणी किंवा ओआरएस देऊन बघा. मूल चमच्यावर झेप घेत असेल, वाटी काढली की रडत असेल, तर अंगात पाणी कमी पडतंय. ‘किती छान पितोय’ म्हणून खूश व्हायची ही वेळ नाही. आणि तोंडात घातलेलं गिळतच नसेल किंवा अगदी थोडं, कसंबसं घेत असेल, तर मामला गंभीर आहे.

*पोटाची कातडी.* मुलाला उताणं झोपवा, हात अंगाशी सरळ ठेवा. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनीने कातडीची उभी चुणी धरा, म्हणजे चुणीची रेघ डोक्याकडून पायाकडे जाणारी हवी. नखं रोवू नका. बोटाच्या टोकाने नाही, पेरांनी धरा. क्षणभर धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. चुणी डोळ्याला दिसेल इतकी रेंगाळली तर पाणी कमी आहे. दोन सेकंदांपेक्षा जास्त राहिली तर फार कमी आहे. गुटगुटीत बाळाची कातडी पाणी कमी असतानाही झटकन बसते, त्यामुळे एवढ्या एका खुणेवर निर्धास्त राहू नका.

आता हिशेब:

- गळालेलं किंवा बेशुद्ध मूल, खोल डोळे, पिता न येणं, दोन सेकंदांपेक्षा जास्त राहणारी चुणी: यांतल्या कोणत्याही दोन खुणा असतील तर ताबडतोब हॉस्पिटल. वाटेत पिता येत असेल तर ओआरएस देत राहा.
- किरकिर, खोल डोळे, अधाशी तहान, हळू बसणारी चुणी: यांतल्या दोन असतील तर ओआरएस लगेच सुरू करा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. पुढचे चार तास कुणाच्या तरी नजरेखाली गेले पाहिजेत.
- यांतलं काही नसेल तर घरी सांभाळता येईल. पुढे वाचा.

> सावध: वर्षाच्या आतल्या बाळाची टाळू खोल गेली की तेलाने ‘टाळू भरायची’ पद्धत आपल्याकडे आहे. टाळू बसली ती अंगातलं पाणी गेल्यामुळे. वरून तेल घालून ती वर येत नाही, आणि तेल जिरायची वाट बघण्यात तास जातात. बसलेली टाळू दिसली की ओआरएस आणि दवाखाना.

लघवीचंही बघायला हवं. सहा-आठ तास लघवी झाली नसेल तर ती धोक्याची खूण आहे. डायपर घातलं असेल तर हे कळतच नाही. पातळ शीचं पाणी आणि लघवी दोन्ही त्यात शोषली जातात, वर थोडा पिवळा थर दिसतो आणि आईला वाटतं ‘थोडीशीच तर झाली’. जुलाब चालू आहेत तोवर डायपर काढून सुती लंगोट बांधा. धुणं वाढेल, पाऊस असेल तर वाळणारही नाहीत, पण किती पाणी जातंय ते डोळ्यांना दिसेल.

२. आता शी बघा

रोजच्यापेक्षा पातळ, पाण्यासारखी शी २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा झाली तर ते जुलाब. यात ‘रोजच्यापेक्षा’ हे महत्त्वाचं.

फक्त अंगावर पिणारं तान्हं बाळ प्रत्येक पाजणीनंतर पिवळी, कणीदार, सैलसर शी करू शकतं. बाळ मजेत असेल, वजन वाढत असेल, लघवी भरपूर होत असेल तर हे जुलाब नाहीत. नुसता हिरवा रंग म्हणजेही जुलाब नव्हेत. बीट खाल्ल्यावर लाल आणि लोहाच्या थेंबांनी काळपट शी होते, तेव्हा घाबरण्याआधी कालचं जेवण आठवा. उलट बाजूचा चकवाही आहे. आठवडाभर कडक शीला कुंथणाऱ्या मुलाच्या चड्डीला अचानक पातळ डाग पडू लागले, तर आत अडकलेल्या खड्याच्या बाजूने पाणी झिरपत असू शकतं. तो बद्धकोष्ठाचा त्रास आहे. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा.

जुलाबच असतील तर प्रकार ओळखा.

*पाण्यासारखे.* सर्वांत जास्त हेच. बहुतेक वेळा कारण विषाणू, लहान मुलांत विशेषतः रोटाव्हायरस. आधी उलट्या, थोडा ताप, मग जुलाब अशी सुरुवात असते. साधारण पाच-सात दिवसांत आपोआप थांबतात. मात्र भाताच्या पेजेसारखं पांढुरकं पाणी भडाभडा जात असेल तर कॉलरा असू शकतो. त्यात मूल काही तासांत कोलमडतं, म्हणून थेट हॉस्पिटल.

*रक्त पडणारे.* शेंबडासारखी आव, त्यात रक्ताचे धागे, पोटात मुरडा, ताप. इथे अँटिबायोटिक लागू शकतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. रक्त एकदा दिसलं तरी त्याच दिवशी दाखवा.

*लांबलेले.* १४ दिवस किंवा त्याहून जास्त. मूल खेळत असलं तरी याला ‘चालतंय’ म्हणू नका. खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन घसरतं, आणि कारण शोधावं लागतं.

> सावध: बाळ थांबून थांबून किंचाळतंय, पाय पोटाशी घेतंय, मध्येच पांढरं पडतंय आणि शीच्या जागी जांभळट-लाल जेलीसारखं काही येतंय: आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरल्याची ही खूण असू शकते. हिरवी उलटी किंवा टम्म फुगलेलं पोटही तसंच धोक्याचं. अशा वेळी घरी काही देत बसू नका, निघा.

दात आणि जुलाबांबद्दल थोडं. दात येण्याच्या वयात मूल रांगतं, फरशीवरचं सगळं तोंडात घालतं, वरचं अन्नही तेव्हाच सुरू झालेलं असतं. जंतू पोटात जायला एवढं पुरतं. दातांवर खापर फोडलं की ओआरएस द्यायचं राहून जातं. माझा आक्षेप तेवढ्यासाठी आहे.

तपासा: कालनिर्णयवर आजच्या तारखेपुढे लिहायला सुरुवात केलीत का? वेळ, शी (पाणी, आव, रक्त), उलटी, लघवी, किती ओआरएस गेलं. पाळीपाळीने आई, आजी आणि पाळणाघरातल्या मावशी सांभाळत असतील तर कुणालाच पूर्ण चित्र माहीत नसतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

३. ओआरएस बनवा: इथेच सर्वाधिक चुका होतात

१. हात साबणाने धुवा. भांडं आणि चमचाही.

२. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं घ्या. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट खळखळ उकळू द्यायचं. तेवढा वेळ नसेल तर सीलबंद बाटलीचं पाणी चालेल.

३. पाकिटावर १ लिटर लिहिलं असेल तर मोजून १ लिटर, २०० मिली असेल तर मोजून २०० मिली पाणी भांड्यात घ्या.

४. पूर्ण पाकीट ओता. कोपऱ्यात चिकटलेली पावडरही झटका.

५. तळाला काही राहणार नाही असं ढवळा. आईने किंवा आजीने आधी एक चमचा चाखावं. अश्रूंइतकं खारट लागलं पाहिजे. समुद्राच्या पाण्यासारखं लागलं तर ओतून द्या आणि नवं पाकीट फोडा.

६. झाकून ठेवा, बनवल्याची वेळ लिहा. २४ तासांनी उरलेलं फेका.

पाकीट अर्धं-अर्धं का करायचं नाही? पावडरीत साखर आणि मीठ आधीच ठरलेल्या प्रमाणात आहे. आतड्याच्या आवरणातून ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत घेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जुलाबातही हा मार्ग चालू असतो, ओआरएसची सगळी करामत यातच आहे. द्रावण दाट झालं तर रक्तातलं सोडियम वाढतं, मुलाला झटकेही येऊ शकतात. पातळ झालं तर क्षार भरत नाहीत. पावडर पाकिटात एकसारखी मिसळलेली असेलच असंही नाही, त्यामुळे ‘एका पेल्याला एक चमचा’ या हिशेबात दर पेल्याला वेगळंच औषध बनतं.

त्यात साखर, मध, लिंबू, दूध, ज्यूस काही घालू नका. बनवल्यावर गरम करू नका. फ्रिजमध्ये ठेवून गार दिलं तर चालतं, काही मुलं तसंच जास्त पितात.

पाकीटच हाताशी नसेल तर तेवढ्यापुरतं: एक लिटर पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. चमचा ५ मिलीचा, वरून सुरीने सपाट केलेला. मिठात चूक होण्यापेक्षा तांदळाची पेज किंवा वरणाचं पाणी चिमूटभर मीठ घालून देणं मला जास्त सुरक्षित वाटतं. पाकीट मिळेपर्यंत तेवढं पुरतं.

४. पाजा: हळू, पण थांबू नका

सुकल्याच्या खुणा नसतील तर प्रत्येक पातळ शीनंतर द्यायचं: २ वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, २ वर्षांवरच्याला १०० ते २०० मिली. मधल्या वेळात मागेल तेवढं. अंगावर पिणाऱ्या बाळाला आधी अंगावर, जास्त वेळा आणि जास्त वेळ, मग ओआरएस.

दुसऱ्या गटातल्या, म्हणजे थोड्या सुकलेल्या मुलाला पहिल्या चार तासांत वजनाच्या दर किलोला ७५ मिली लागतं. आठ किलोच्या बाळाला ६०० मिली, तासाला १५०. आकडा ऐकून आई घाबरते, ‘एवढं कसं पिईल?’ पण ५ मिलीचा एक चमचा दर दोन मिनिटांनी दिला की तासाचे १५० मिली होतात. चमचा, दोन मिनिटं, चमचा. मालिका बघता बघता होतं. फक्त हात बदलायला कुणीतरी हवं. चार तासांनी पहिली पायरी पुन्हा करा. हे शक्यतो दवाखान्यात करायचं काम आहे, पण तिथे नंबर लागेपर्यंत रांगेत बसूनही सुरू ठेवता येतं.

बाटलीने देऊ नका. निपल धुणं कठीण, आणि बाटलीने मूल घटाघटा पितं आणि उलटी काढतं.

उलटी झाली तर? दहा मिनिटं थांबा. मग पुन्हा, आधीपेक्षा हळू, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. ‘पोटात टिकत नाही म्हणून बंद केलं’ हे वाक्य फार ऐकू येतं. उलटीत सगळं बाहेर पडलंय असं दिसलं तरी बरंचसं आत राहिलेलं असतं. मात्र प्रत्येक वेळी सगळंच बाहेर येत असेल तर हॉस्पिटल.

> सावध: ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. ते जुलाब थांबवण्याचं औषधच नाही. पहिल्या दिवशी शी तेवढीच होते आणि घरातले म्हणतात, ‘गुण आला नाही.’ गुण शीत शोधू नका. मूल खेळायला लागलं, लघवी झाली, डोळे भरले, म्हणजे गुण आला.

५. झिंक, १४ दिवस

६ महिने ते ५ वर्षं: रोज २० मिलिग्रॅम, एक गोळी. २ ते ६ महिने: रोज १० मिलिग्रॅम, अर्धी गोळी. चमच्यात आईचं दूध किंवा स्वच्छ पाणी घेऊन त्यात विरघळवा. मोठ्या मुलांना ती पाण्याबरोबर चघळता येते. ओकून टाकली तर थोड्या वेळाने पुन्हा द्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब थांबले की पट्टी फ्रिजवर पडून राहते. पूर्ण १४ दिवस द्या. झिंकने हे दुखणं लवकर आटोपतं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही कमी होते. १४ चौकोनांवर फुल्या मारत जा.

६. खायला द्या

उपाशी ठेवल्याने आतडं बरं होत नाही. मूल अशक्त मात्र होतं. अंगावरचं दूध एक वेळही बंद करायचं नाही. वरचं दूध पिणाऱ्या मुलाला तेच दूध, पाणी न घालता. पावडरचं दूधही डब्यावरच्या प्रमाणातच बनवा, जुलाबात पातळ करण्याची गरज नाही.

सहा महिन्यांवरच्या मुलाला मऊ भात आणि वरण, मुगाची खिचडी वरून चमचाभर तूप घालून, दहीभात, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा. थोडं थोडं, दर तीन-चार तासांनी. साबुदाण्याची पेज वाईट नाही, पण निव्वळ तिच्यावर तीन दिवस ठेवू नका, तिच्यात पोषण फार कमी. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस, ग्लुकोजचं पाणी, चहा-बिस्किट नको. शहाळं, पातळ ताक चालेल, पण ओआरएसच्या जागी नाही.

७. काय देऊ नये

लोपेरामाइडसारखी ‘बांधणारी’ गोळी लहान मुलांना देऊ नये. आतडं निपचित पडून पोट फुगतं, मूल गुंगतं, आणि पाणी आतच साठत राहतं. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही नको. विषाणूवर ते चालत नाही, उलट त्यानेच जुलाब वाढू शकतात.

उगाळलेल्या जायफळाचं काय? आज्यांचा यावर विश्वास असतो, आणि मूल शांत झोपतं हेही खरं. तीच तर अडचण आहे. जायफळाने गुंगलेलं मूल आणि पाणी कमी पडून मलूल झालेलं मूल यांतला फरक घरी ओळखता येत नाही. पहिल्या पायरीतली सगळ्यात महत्त्वाची खूणच पुसली जाते. आजींना हे असं समजावलंत तर त्या ऐकतात. ‘तुमचं ते जुनं’ म्हटलंत तर नाही.

आणि सलाइनचा हट्ट. ‘एक बाटली लावा म्हणजे ताकद येईल’ असं डॉक्टरांच्या मागे लागू नका. पिऊ शकणाऱ्या मुलाला ओआरएसने तेच मिळतं, सुई न टोचता. फार सुकलेल्या, पिऊ न शकणाऱ्या मुलाला मात्र सलाइन लागतंच आणि लगेच लागतं. ते गल्लीतल्या बाकड्यावर नको, मुलांचा वॉर्ड असलेल्या ठिकाणी हवं.

८. कधी निघायचं, कुठे, काय घेऊन

पहिल्या पायरीतल्या खुणा, रक्त, सतत उलट्या, जोराचा ताप, झटके, सहा-आठ तास लघवी नाही, पिणं कमी होत जाणं, किंवा घरी नीट देऊनही दोन दिवसांत सुधारणा नाही: यांतलं काहीही पुरेसं आहे. आणि आईला ‘काहीतरी बरं वाटत नाही’ वाटलं तर तेही.

दिवसा, मूल बरं असेल तर जवळचा पालिकेचा दवाखाना किंवा पालिकेचाच ‘आपला दवाखाना’. धोक्याची खूण असेल तर सरळ मोठं हॉस्पिटल: परळला वाडिया किंवा केईएम, शीवला सायन हॉस्पिटल, मुंबई सेंट्रलला नायर, घाटकोपरला राजावाडी, जुहूला कूपर. तुमच्या घरून रात्री कुठलं जवळ पडतं हे आजच ठरवा. ॲम्ब्युलन्ससाठी १०८. पावसाची रात्र असेल आणि खूण मधल्या गटातली असेल तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. पहाटे हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी भरलं आणि गाड्या बंद पडल्या तर तुम्ही आणि हॉस्पिटल यांच्यात तीन तास उभे राहतात.

सोबत घ्या: कालनिर्णयच्या पानाचा फोटो, दिलेल्या प्रत्येक औषधाचं रिकामं पाकीट, लसीकरणाचं कार्ड, शेवटच्या शीचा फोटो (लाजू नका, डॉक्टरांचा वेळ वाचतो), आणि बाटलीत बनवलेलं ओआरएस व चमचा. रांगेतही चमचा चालू ठेवा.

९. घरातल्या दुसऱ्या मुलाला लागू नये म्हणून

मुंबईचं पाणी शुद्ध होऊन निघतं, पण नळ दिवसातून काही तासच येतात. पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब जातो, आणि ती गटाराजवळून जात असेल, कुठे चिरली असेल, तर बाहेरची घाण आत खेचली जाते. म्हणून नळ आल्यावर पहिलं गढूळ पाणी धुण्याभांड्यांना घ्या, पिण्याचं नंतर भरा. पाणीकपातीनंतर आणि पावसात उकळणं सोडू नका. क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर पाकिटावरच्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा. उकळलेल्या पाण्याच्या हंड्यात पेला धरलेला हात बुडत असेल तर उकळणं फुकट. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचं पिंप वापरा. पाण्याला वास येतोय, चाळीत एकाच वेळी तीन-चार घरांत जुलाब आहेत असं दिसलं तर पालिकेच्या १९१६ वर तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून घ्या.

बाळाचं ढुंगण धुतल्यावर साबणाने हात, दर वेळी. पाणी टंचाईच्या दिवसांत हेच आधी कमी होतं, तेव्हा अर्धी बादली हातांसाठी वेगळी ठेवा. लंगोटाची शी संडासात टाका, मोरीत नाही. मोरीतच भांडी घासायची असतात.

शेवटच्या पातळ शीनंतर ४८ तास मुलाला पाळणाघरात किंवा बालवाडीत पाठवू नका. रजेचा प्रश्न येतो हे मान्य, पण दुसऱ्या दिवशी पाठवलंत तर तिथली चार मुलं घेऊन तो आजार पुढच्या आठवड्यात तुमच्याच दारात परत येतो.

घरात तान्हं बाळ असेल तर कार्ड काढून रोटाव्हायरसचे तीन डोस झालेत का बघा: ६, १० आणि १४ आठवडे, तोंडावाटे थेंब, सरकारी केंद्रात मोफत. पहिला डोस वर्षाच्या आतच सुरू करावा लागतो, त्यामुळे राहिला असेल तर जवळच्या केंद्रावर लसीकरणाचा वार कोणता हे उद्याच विचारून या.